ऐतिहासिक कादंबरीतील निषिद्ध प्रेम

अद्‌भुतरम्य ऐतिहासिक कादंबरीतील एक प्रमुख कथासूत्र. धर्म, कायदा, जात, वंश, दास्य वा राजकीय वैर यांमुळे ज्या स्त्रीपुरुषांना त्यांच्या काळात पतिपत्नी म्हणून राहता येत नव्हते, त्यांच्या प्रेमाभोवती कथानक गुंफणे, हे या सूत्राचे स्वरूप होय. नायक-नायिकेच्या मार्गात अडथळा असणे हे सर्वच प्रेमकथांचे लक्षण असले, तरी हट्टी पिता, कपटी प्रतिस्पर्धी किंवा भलत्याच हाती पडलेले पत्र असे अडथळे कोणत्याही काळात संभवतात. निषिद्ध प्रेमातील अडथळा मात्र त्या विशिष्ट काळाचाच असावा लागतो. त्यामुळे एका जोडप्याच्या सुखदुःखातून एका समाजाची सगळी घडण दाखविण्याची संधी ऐतिहासिक कादंबरीकाराला या सूत्रात मिळते. या प्रकारातील कादंबऱ्यांचा एक ठळक गट प्राचीन रोमच्या पार्श्वभूमीवर लिहिला गेला. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचे उदाहरण पेशवाईतील बाजीराव-मस्तानी यांच्या कथेचे असून ना. सं. इनामदार यांची राऊ (१९७२) ही कादंबरी हा तिचा सर्वांत परिचित आविष्कार होय.

रोम आणि पुणे या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच आढळते. समाजाने मना केलेले असे ते बहुधा प्रेम नसे. मनाई असे ती त्या प्रेमाला विवाहाचा दर्जा देण्यास. रोमन सरदाराने मुक्त दासीस उपपत्नी म्हणून ठेवण्यास, किंवा मराठा सरदाराने नाटकशाळा बाळगण्यास कोणी हरकत घेत नसे. हरकत सुरू होई ती त्या स्त्रीला कुलस्त्रीचे स्थान आणि तिच्या अपत्याला कुलाचे संस्कार देण्याचा प्रश्न आला म्हणजे. ज्या कादंबरीकाराने हा भेद ओळखला, त्याच्या कथेला इतिहासाचे वजन प्राप्त होते. ज्याने तो ओळखला नाही, त्याची कथा आधुनिक प्रेमकथेला जुना पोशाख चढविल्यासारखी भासते.

रोमन पार्श्वभूमी : रोममध्ये विवाहविषयक निर्बंध बऱ्याच अंशी लेखी कायद्याने ठरलेले होते. वैध विवाहासाठी उभयतांच्या ठिकाणी विवाहाचा अधिकार (कोनुबिउम) असावा लागे आणि परकीयांना तो सामान्यतः नसे. दासांचे सहजीवन (कोंतुबेर्निउम) विवाह म्हणून कायद्याच्या दृष्टीने गणलेच जात नसे. सम्राट ऑगस्टसने इ. स. पू. १८ च्या सुमारास केलेल्या कायद्यांनी सिनेटसदस्य व त्यांचे वंशज यांना मुक्त दासी किंवा नटी यांच्याशी विवाह करण्यास बंदी घातली आणि व्यभिचार हा सार्वजनिक गुन्हा ठरविला. पत्नीचा अपराध माहीत असूनही तिला न सोडणारा पतीदेखील शिक्षेस पात्र ठरे. या कायद्यांचा तडाखा खुद्द ऑगस्टसच्या घराला बसला; त्याची कन्या जूलिया हिला इ. स. पू. २ मध्ये पांदातेरिया बेटावर हद्दपार करण्यात आले. इ. स. ५२ मधील सिनेटच्या एका ठरावाने दुसऱ्याच्या दासाबरोबर राहणाऱ्या स्वतंत्र स्त्रीवर दास्य ओढवण्याची तरतूद केली. सैनिकाला नोकरीच्या काळात कायदेशीर विवाह करता येत नसे. ही बंदी सेप्टिमियस सिव्हीरसच्या कारकीर्दीपर्यंत टिकली, असे मानले जाते. व्हेस्टा देवतेच्या कुमारिकांना तीस वर्षे ब्रह्मचर्य पाळावे लागे आणि व्रतभंग झाल्यास त्यांना जिवंत पुरण्यात येई. यांतील प्रत्येक निर्बंधात एकेका कादंबरीचे बीज आहे, हे सहज ध्यानात येईल.

रोमन इतिहासाने स्वतःही असे दोन प्रसंग पुरविले. मार्क अँटनी व ईजिप्तची राणी क्लीओपात्रा यांचा शेवट इ. स. पू. ३० मध्ये झाला. त्यांच्या संबंधातील नैतिक दोषापेक्षा रोमन सेनापतीने परकीय राणीला पत्नीप्रमाणे वागवावे, हीच गोष्ट ऑक्टेव्हियनच्या प्रचाराला उपयोगी पडली. याउलट टायटसने यहुदी राजकुलातील बेरेनायसी हिला रोममधील लोकमतापुढे नमून दूर पाठविले. त्यावर झां रासीनने १६७० मध्ये शोकांतिका रचली. अँटनी-क्लीओपात्रा ही शेक्सपिअरची नाट्यकथा एकोणिसाव्या शतकातच मराठी रंगभूमीवर आली. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी वीरमणि आणि शृंगारसुंदरी या नावाने तिचे रूपांतर केले. पात्रांची व स्थळांची नावे देशी केल्याबरोबर रोमन निर्बंध नाहीसा होतो आणि उरते ती विलासात बुडालेल्या वीराची कथा. निषिद्ध प्रेम एका समाजातून दुसऱ्यात नेताना काय गळून पडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

रोमन पार्श्वभूमीवरील कादंबऱ्यांपैकी एडवर्ड बुल्वर-लिटनची द लास्ट डेज ऑफ पाँपेई (१८३४) आणि पोलिश कादंबरीकार हेन्रिक शेन्क्येव्हिच याची क्वो व्हादिस (१८९६) या दोन विशेष उल्लेखनीय आहेत. पहिलीतील नायक-नायिका ग्लॉकस व आयोनी यांच्यापेक्षा ग्लॉकसवर मनोमन प्रेम करणारी निडिया ही आंधळी दासी वाचकांच्या स्मरणात राहते. तिच्या प्रेमाला कोणी मनाई केलेली नाही; कारण दासीच्या अशा प्रेमाचा विचारच कोणाच्या मनात येत नाही. ज्वालामुखीच्या राखेने झालेल्या अंधारातून वाट दाखविण्याचे काम तिलाच साधते आणि दोघांना वाचविल्यावर ती समुद्रात देह टाकते. क्वो व्हादिसमध्ये नीरोच्या काळातील रोमन अधिकारी व्हिनिसियस आणि ओलीस म्हणून रोममध्ये वाढलेली, ख्रिस्ती झालेली राजकन्या लिगिया यांची कथा आहे. सम्राटाच्या आज्ञेने लिगियाला व्हिनिसियसच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था होते. म्हणजे रोमन सत्तेचा या संबंधाला विरोध नाही. उपपत्नी म्हणून ती त्याला सहज मिळत आहे. नकार येतो तो तिच्या श्रद्धेतून. निर्बंधाची बाजू अशा रीतीने उलटवल्यामुळे ही कादंबरी तिच्या अनेक अनुकरणांहून वरच्या दर्जाची ठरली. शेन्क्येव्हिचला १९०५ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मराठी कादंबरी : मराठीत रा. भि. गुंजीकरांच्या मोचनगड (१८७१) पासून ऐतिहासिक कादंबरीस आरंभ झाला. निषिद्ध प्रेमाला कथानकाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या वज्राघात या अखेरच्या पर्वातील कादंबरीस द्यावे लागते. तीत विजयानगरचा रामराजा आणि मेहेरजान ही मुसलमान तरुणी यांचे प्रेम, रामराजाने केलेला तिचा त्याग आणि त्या संबंधातून जन्मलेला रणमस्तखान यांची गुंफण १५६५ च्या तालिकोटच्या लढाईशी केलेली आहे. साम्राज्याच्या नाशाला राजकीय कारणांबरोबर एक खासगी अन्यायही जबाबदार धरण्याची ही कल्पना इतिहासाच्या दृष्टीने निराधार असली, तरी कलादृष्ट्या धाडसी होती. महत्त्वाचे म्हणजे, त्याज्य ठरलेल्या स्त्रीचा संताप लेखकाने समजून घेतला आहे.

मेहेरजान ही कल्पित; मस्तानी मात्र ऐतिहासिक व्यक्ती आहे, आणि तिच्याविषयीची खात्रीलायक माहिती अतिशय तुटपुंजी आहे. पहिला बाजीराव (१७००–४०, पेशवेपद १७२०) याने १७२९ मध्ये मुहम्मदखान बंगशच्या वेढ्यातून बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याची सुटका केली. त्या वेळी छत्रसालाने आपली यवनी स्त्रीपासून झालेली कन्या मस्तानी बाजीरावास दिली, अशी परंपरा आहे. दुसऱ्या एका परंपरेनुसार ती निजामाची कन्या, तर तिसरीनुसार ती गुजरातेतील मोगल अधिकारी शुजातखान याच्या पदरची कलावंतीण. समकालीन कागदांत तिचा उल्लेख आढळू लागतो तो बाजीरावाचा ज्येष्ठ पुत्र नानासाहेब याच्या जानेवारी १७३० मधील लग्नाच्या सुमारास. शनिवारवाड्यात तिच्यासाठी स्वतंत्र महाल होता आणि वाड्याच्या एका दरवाजास तिचे नाव पडले. १७३४ मध्ये तिला समशेरबहादूर हा पुत्र झाला. गो. स. सरदेसाई (१८६५–१९५९) यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रांच्या पंचेचाळीस खंडांमुळे (१९३०–३४) या प्रकरणातील कौटुंबिक पत्रे अभ्यासकांच्या हाती आली. तत्पूर्वी सर्व भिस्त उत्तरकालीन बखरींवर होती.

या पत्रांतून दिसणारे चित्र रोमन कायद्याच्या चित्राहून भिन्न आहे. बाजीरावाला मस्तानीपासून दूर ठेवणारा कोणताही लेखी हुकूम नव्हता. छत्रपती शाहूचा कलही बाजीरावाचे मन मोडू नये असाच होता, असे चिटणिशी पत्रव्यवहारावरून दिसते. निर्बंध प्रकट झाला तो पंगतीत, देवघरात आणि मुंजीच्या मांडवात. समशेरबहादूरचे व्रतबंधादी संस्कार व्हावेत, ही पेशव्याची इच्छा ब्रह्मवृंदाच्या विरोधामुळे पार पडली नाही, अशी परंपरा आहे. पुढे धाकटा पुत्र रघुनाथराव याची मुंज व चिमाजी आप्पाचा पुत्र सदाशिवराव याचे लग्न ही कार्ये १७४० च्या आरंभी पुण्यात व्हावयाची होती. बाजीरावाच्या उपस्थितीत आपण ती चालविणार नाही, अशी भिक्षुकांची भूमिका होती. दिल्लीपर्यंत धडक मारणाऱ्या सेनानीला स्वतःच्या घरच्या कार्याला हजर राहता येऊ नये, यातच या निर्बंधाची ताकद दिसते. तो मोडण्यासाठी फौज उपयोगाची नव्हती.

१७३९ च्या अखेरीस व १७४० च्या आरंभी बंधू चिमाजी आप्पा आणि पुत्र नानासाहेब यांनी मस्तानीला नजरकैदेत ठेवले. बाजीराव त्या वेळी नासिरजंगावरील मोहिमेवर निघाला होता. तेथून उत्तरेकडे गेला असता नर्मदाकाठी रावेरखेडी येथे २८ एप्रिल १७४० रोजी त्याचा मृत्यू झाला. मस्तानीही त्यानंतर थोड्याच दिवसांत मृत्यू पावली. तिने विष घेतले, असे कोणी म्हणतात. दुःखाने प्राण सोडला, असे कोणी. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे तिची कबर आहे. ज्यांनी तिला अटकेत ठेवले, त्यांनीच पुढे तिच्या मुलाला पेशवे घराण्यात वाढविले, ही गोष्ट कादंबरीकारांकडून बहुधा सुटते. समशेरबहादूर पेशव्यांच्या मोहिमांत लढला आणि १७६१ च्या पानिपतच्या लढाईत झालेल्या जखमांनी मरण पावला. त्याचा पुत्र अलीबहादूर याने बुंदेलखंडात सत्ता स्थापन केली व त्याचे वंशज बांद्याचे नबाब म्हणून ओळखले गेले. रणांगणात हे घराणे पेशव्यांचे. पंगतीत मात्र नव्हते.

राऊ : इनामदार (१९२३–२००२) यांनी झेप (१९६३), झुंज (१९६६) व मंत्रावेगळा (१९६९) या कादंबऱ्यांतून पेशवाईतील उपेक्षित वा बदनाम व्यक्तींकडे नव्याने पाहण्यास आरंभ केला होता. राऊ ही त्याच मालिकेतील. तिच्या दहा वर्षे आधी प्रसिद्ध झालेल्या रणजित देसाई यांच्या स्वामी (१९६२) या कादंबरीने थोरले माधवराव व रमाबाई यांच्या प्रेमाचे चित्र मराठी वाचकांच्या मनावर ठसविले होते. ते प्रेम शास्त्राने, कुळाने व लोकमताने पूर्णतः मान्य केलेले. त्यातील शोक मृत्यूचा आहे, समाजाचा नाही. राऊमध्ये त्याच घराण्यातील, दोन पिढ्यांपूर्वीचे आणि नेमके उलट प्रेम आले. दोन्ही कादंबऱ्या एकामागून एक वाचल्या असता पेशवाईतील गृहजीवनाच्या दोन बाजू पुऱ्या होतात.

राऊचे खरे बलस्थान मस्तानीच्या सौंदर्याची वर्णने हे नव्हे. अशी वर्णने अनेकांनी केली असून गळ्यातून उतरणारा विड्याचा रस दिसे इतकी ती गोरी होती, ही आख्यायिका तर सर्वतोमुखी आहे. इनामदारांचे यश मनाई करणाऱ्या बाजूच्या चित्रणात आहे. मातोश्री राधाबाई, पत्नी काशीबाई, बंधू चिमाजी आप्पा ही दुष्ट पात्रे होत नाहीत. नवे पेशवेपद, नुकतीच मिळालेली प्रतिष्ठा आणि आप्तस्वकीयांची लग्नकार्ये या सर्वांचा भार ज्यांच्यावर आहे अशी ती माणसे आहेत, आणि बाजीरावावरील त्यांचे प्रेम हेच त्यांच्या कठोरपणाचे एक कारण आहे. चिमाजी आप्पाने वसईचा किल्ला घेतला (१७३९) त्याच वर्षी भावाच्या प्रिय व्यक्तीला अटकेत टाकण्याचा प्रसंग त्याच्यावर यावा, हा विरोध कादंबरीकाराला इतिहासाने आयता दिला होता. कादंबरीची उणीव दाखवायची, तर ती मस्तानीच्या बाबतीत दाखविता येईल. तिचे एकही पत्र उपलब्ध नाही. समकालीन कागदांत ती इतरांच्या वाक्यांत, एक अडचण म्हणून येते. ही रिकामी जागा इनामदारांनी निष्ठा व समर्पण यांनी भरली. ते वाचनीय झाले, पण बुंदेलखंडातून आलेली, परक्या भाषेच्या व परक्या आचाराच्या घरात दहा वर्षे काढलेली स्त्री त्यात पुरती उभी राहत नाही.

राऊच्या लोकप्रियतेचा एक परिणाम असा झाला, की कादंबरीतील मस्तानी हीच अनेकांच्या दृष्टीने इतिहासातील मस्तानी बनली. द. ग. गोडसे यांनी मस्तानी (१९८९) या ग्रंथात तिच्याविषयीच्या दंतकथा तपासून ऐतिहासिक व्यक्तीचा शोध घेण्याचा प्रयत्न केला. त्याचा वाचकवर्ग अर्थातच मर्यादित राहिला. राऊवर आधारलेला संजय लीला भन्साळी यांचा बाजीराव मस्तानी हा हिंदी चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील काशीबाई व मस्तानी यांच्या एकत्र नृत्याला पेशव्यांच्या वंशजांनी व काही अभ्यासकांनी हरकत घेतली. घराण्याच्या अप्रतिष्ठेचा मुद्दा बाजूस ठेवला, तरी त्या दृश्यात एक वाङ्‌मयीन दोष आहेच. कुलस्त्री व नाटकशाळा यांच्यातील जी रेषा ओलांडता न आल्यामुळे ही शोकांतिका घडली, तीच रेषा एका गाण्यापुरती पुसली गेली, तर पुढील दुःखाला आधार उरत नाही.

कल्पित निषिद्ध प्रेम एखाद्या व्यक्तीवर आरोप म्हणूनही लादले जाते, हे छत्रपती संभाजीच्या बाबतीत दिसून आले. त्याच्या मृत्यूनंतर (१६८९) शंभरांहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीने त्याच्या चारित्र्यावर जे डाग लावले, त्यांना नाटककार व चित्रपटकारांनी नावे व चेहरे दिले. वि. ह. औंधकरांच्या बेबंदशाही या नाटकातील तुळसा किंवा चित्रपटांतून गाजलेली थोरातांची कमळा ही त्याची उदाहरणे. वा. सी. बेंद्रे (छत्रपती संभाजी महाराज, १९६०) आणि कमल गोखले (शिवपुत्र संभाजी, १९७१) यांनी अस्सल साधनांच्या आधारे हे चित्र नाकारले. त्यानंतरच शिवाजी सावंतांची छावा (१९७९) ही कादंबरी येसूबाईला नायकाशेजारी तिचे स्थान देऊ शकली. प्रणयकथेने केलेले नुकसान भरून येण्यास संशोधकांची अनेक वर्षे खर्ची पडली, हे या संदर्भात नोंदविण्यासारखे आहे.

मराठी ऐतिहासिक कादंबरी शिवकाल व पेशवाई यांत अधिक रमली. रोमन जगाशी ज्या काळात महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध होता, त्या सातवाहनकाळाकडे ती फारशी वळली नाही. तेर, नेवासे, कोल्हापूर इ. ठिकाणच्या उत्खननांत भूमध्य समुद्राकडील वस्तू मिळाल्या असून कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती प्रसिद्ध आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. पूर्वेस भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननाने त्याच शतकांतील समृद्ध नगर व बौद्ध स्तूप उजेडात आणले. त्या काळातील प्रेमाचे साधन म्हणून हाल सातवाहनाच्या नावाने ओळखला जाणारा गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह उपलब्ध आहे. त्यातील कितीतरी गाथा चोरट्या प्रेमाच्या आहेत : गोदाकाठची संकेतस्थळे, परगावी गेलेला नवरा, रात्रीपुरता आसरा मागणारा वाटसरू, सारे जाणून न जाणल्यासारखे करणारी सासू. ऑगस्टसने ज्या वर्तनासाठी स्वतःच्या मुलीला बेटावर धाडले, त्याच वर्तनाकडे हा संग्रह मिस्किल सहानुभूतीने पाहतो. शिक्षेची भाषा त्यात जवळजवळ नाही. आहे ती गावच्या नजरेची. चौलच्या किंवा सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला यवन व्यापारी आणि गोदाकाठच्या गावातील एखादी गृहिणी यांची कथा लिहावयाची झाल्यास हे साहित्य कादंबरीकाराच्या हाताशी तयार आहे.